अरवाची जागा

मला राग लवकर येतो आणि आला की लवकर जात नाही. आमचे हे, नसरुद्दीन, म्हणतात, तुझा राग म्हणजे जेद्दातला उन्हाळा, दिवस मावळला तरी भिंती गरमच. म्हणू देत. पण या वेळचा राग स्वभावाचा नव्हता. तो मला माझ्या धाकट्या दिराने, शौकतने, मिळवून दिला होता. आणि सांगायचंय ते त्याच्याबद्दल नाही, त्याच्या बायकोबद्दल, म्हणजे माझ्या जावेबद्दल. जुबेदाबद्दल.

जुबेदा लग्न होऊन जेद्दाला आली तेव्हा शौकतचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, एका कफीलकडून, म्हणजे जामीन राहणाऱ्या मालकाकडून, दुसऱ्या कफीलकडे जायचा होता. त्यामुळे शराफिया मोहल्ल्यातली त्यांची खोली आमच्या ह्यांच्या नावावर घ्यावी लागली. ती अजून त्यांच्याच नावावर आहे. आमचं घर दोन गल्ल्या सोडून. शौकत बलदच्या जुन्या बाजारात एका दुकानात उभा असतो, उमऱ्याच्या यात्रेला येणाऱ्यांना इहरामची पांढरी कापडं आणि नमाजाच्या जानमाजी विकतो. आमचे हे तिथल्याच एका हॉटेलचं स्टोअर सांभाळतात. जुबेदा घरी मशीनवर बायकांचे अबाये आखूड-लांब करून देते. सगळ्या इमारतीतल्या बायका तिच्याकडे येतात, आणि येणारी प्रत्येक जण तिला काहीतरी शिकवून जाते. अरबी ती तशीच शिकली. हाताला काम आणि कानाला बोली, दोन्ही एकदम.

तिचा बाप जिझानला बंदरात कामाला होता. दोन-दोन वर्षांनी गावी यायचा. तो आला की ही आईच्या मागे लपायची आणि विचारायची, हे पाहुणे कधी जाणार. हे तिनेच मला सांगितलं होतं, हसत हसत. पुढे बाप कायमचा परत आला तेव्हा ही लग्नाच्या वयाची झालेली. दोघांना एकमेकांशी काय बोलायचं तेच कळेना. म्हणून अरवा झाली तेव्हाच जुबेदाने ठरवलं होतं, आपली मुलगी बापाजवळ वाढेल. बाकी काही मिळो न मिळो.

आता आमच्या लोकांत काय होतं, ते सांगते. पोरगं शाळेच्या वयाला आलं की बायको-पोरांना गावी पाठवायचं. इथली इंग्रजी शाळा झेपत नाही, शिवाय गावी बंगला बांधलेला असतो. आमचाही आहे. खाडीकाठी, दोघा भावांचा मिळून, खाली-वर फरशी, प्रत्येक खोलीला वेगळं न्हाणीघर. आणि राहायला कुत्रं नाही. पावसाळ्यात भिंतींना बुरा चढतो, शेजारचा रफीक महिन्यातून एकदा खिडक्या उघडतो आणि फोटो पाठवतो. गावचे लोक म्हणतात, बंगले बांधले आणि वटवाघळांना दिले. पुरुषांना ते फार लागतं. मग एखाद्याच्या बायकोला तिथे नेऊन ठेवतात. दिवा लागतो, अब्रू राहते. बाई बापडी त्या सगळ्या न्हाणीघरांना झाडू मारत बसते.

जुबेदाला हे माहीत होतं. म्हणून अरवा पाचाची व्हायच्या आधीच ती शोधाला लागली. त्यांच्या मागच्या गल्लीत सरकारी रौदा आहे. रौदा म्हणजे पहिलीच्या आधीची लहान मुलांची शाळा. फी नाही. इथल्या लोकांच्या मुलांना आधी घेतात आणि जागा उरली तर आपल्यासारख्यांच्या. अरबीत शिकवतात, हे आमच्यातल्या काहींना पटत नाही. जुबेदाला त्याचं काही नव्हतं. ती म्हणायची, आधी माझी पोर इथे राहू दे, मग कुठल्या भाषेत रडायचं ते बघू.

महिनाभर तिने कामं बाजूला ठेवून धावपळ केली. बाळंतपणाला गेली होती तेव्हाचं गावच्या आरोग्य केंद्रातलं लसींचं कार्ड इथल्या दवाखान्यात मान्य होईना, मग काही सुया पोरीला पुन्हा टोचल्या. अरवाने सगळा दवाखाना डोक्यावर घेतला. डोळे तपासले, कान तपासले. नाव नोंदवायचं मोबाईलवर, सरकारी खात्यातून, आणि ते खातं बापाच्या नावाचं. ते शौकतकडून करून घेतलं. मग एकच गोष्ट उरली. आपण याच मोहल्ल्यात राहतो हे दाखवायचं, तर खोली आमच्या ह्यांच्या नावावर. म्हणजे त्यांनी त्यांच्या मोबाईलवरून होकार द्यायचा.

आणि इथेच आमच्या घरची रीत आडवी आली. धाकट्या भावाची बायको मोठ्या दिराशी बोलत नाही. भांडण म्हणून नव्हे, ती अदब आहे. समोर आली तरी डोक्यावरचा पदर सावरून बाजूने जाते. चहा हवा का, हेसुद्धा मला विचारायला सांगते. जुबेदा लग्न झाल्यापासून ह्यांच्याशी सरळ एक वाक्य बोलली नव्हती. आणि आमचे हे तसेही बोलतात कुठे? घरी येऊन चार शब्द बोलतील, त्यातले दोन मीठ कमी असल्याचे. चेहरा कायम रागावलेला. मला माहीत आहे की तो चेहराच तसा आहे, आतला माणूस लोण्याचा आहे. बाकीच्यांना ते कसं कळावं? सगळे त्यांना घाबरतात. तेव्हा जुबेदाने नवऱ्याला सांगितलं, भाईंना विचारा. शौकत म्हणाला, विचारतो.

त्यानंतर जुबेदा आमच्याकडे यायची बंद झाली.

मला आधी वाटलं, कामात असेल. मग फोनही उचलेना. उचलला तर हो-नाही, बस्स. शुक्रवारी सगळे आमच्याकडे जेवायला येतात, तेव्हा ही अरवाला पाठवायची आणि डोकं दुखतं म्हणून घरी राहायची. मी शौकतला विचारलं, काय झालंय तिला? तो मान खाली घालून म्हणाला, "भाभी, तिला गावची ओढ लागलीय. म्हणते, बंगल्यात जाऊन राहीन. मी काय बोलू?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बापाजवळ पोर वाढू दे म्हणून छाती पिटणारी ही, आणि आता हिला फरशीचा बंगला आठवला? तिच्यासाठी मी माझ्या मुलाची, हाशिरची, जुनी अरबी चित्रांची पुस्तकं माळ्यावरून काढून पुसून ठेवली होती. ती परत माळ्यावर टाकली. मनात म्हटलं, जा बाई, सुखाने जा. आणि निघायच्या आधी एकदा जेवायला ये, म्हणजे लोक नावं ठेवणार नाहीत. तसा निरोप पाठवला.

ती आली. निघायच्या आधीच्या शुक्रवारी. तिकिटं झाली होती, तिचं आणि अरवाचं. मी मटणाची आखणी, म्हणजे आमचा मसालेदार भात, केली होती, तांदळाच्या भाकऱ्या, कोलंबीचं सुकं. रागावले तरी स्वयंपाक वाईट करणाऱ्यांतली मी नाही. पुरुषांचा दस्तरखान बाहेरच्या खोलीत, आम्हा बायकांचा आत. बाहेर हे, शौकत आणि ह्यांच्या हॉटेलातला कादिर. आत आम्ही दोघी आणि अरवा.

जुबेदा भाकरीचे तुकडे करत होती आणि खात नव्हती. डोळ्यांखाली काळं आलेलं. माझ्याने राहवेना. टोमणा मारल्याशिवाय माझा घास उतरत नाही, हे मला मान्य आहे.

"बंगला फारच आठवला म्हणायचा," मी म्हटलं.

तिने मान वर केली. तिच्या डोळ्यांत जे होतं ते पाहून मी पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

"भाभी, तुमीच घालवताय आणि तुमीच इचारताय?" ती म्हणाली. "मी काय वाईट केलं तुमचं? घरात माणूस पायजे तर तुमी का नाय गेलात कधी? तुमचा हाशिर इथंच शिकला ना?"

मी म्हटलं, कोण घालवतंय? कोण काय बोललं? आणि मग ते सगळं बाहेर आलं. शौकतने तिला सांगितलं होतं, भाई नाही म्हणतात. माझ्या नावाचा पत्ता शाळेला द्यायचा नाही म्हणतात. पोरीला अरबांत वाढवायची नाही, घर बंद पडलंय, जुबेदाने जाऊन उघडायचं, असं भाई म्हणतात. आणि भाभीचंही तेच मत आहे, हेही वर जोडलं होतं. मोठ्या भावाचा शब्द. त्याला दोनदा विचारायचं नसतं. आणि जुबेदा तर एकदाही विचारू शकत नव्हती. कित्येक आठवडे ती आम्हा दोघांना मनात शिव्या घालत होती, आणि मी तिला.

मी हात न धुताच उठत होते. पण ती माझ्या आधी उठली. पदर सावरला, आणि बाहेरच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. मी तिच्या मागे. कादिरने तिला पाहिलं आणि घास घेऊन भिंतीकडे वळला, बिचाऱ्याला कुठे बघावं कळेना. शौकतने पाहिलं आणि त्याचा चेहरा भाकरीच्या पिठासारखा झाला.

"भाई," जुबेदा म्हणाली. "अरवाच्या शाळेला तुमी नाय म्हणालात?"

आमच्या ह्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, धाकटी भावजय आपल्याशी बोलते आहे याचीच त्यांना सवय नव्हती. मग तिच्याकडे.

"मी तर त्याच दिवशी होकार दिला," हे म्हणाले. "मोबाईलवर आलं, दाबलं. का? अजून झालं नाय?"

आणि मग त्यांनी शौकतकडे पाहिलं. शौकत ताटातल्या हाडाकडे बघत होता, जणू ते हाडच उत्तर देणार होतं.

मला वाटतं, त्या वेळी तो रडला असता किंवा भांडला असता तरी मी त्याला थोडं माफ केलं असतं. त्याने दोन्ही केलं नाही. तो हळूच म्हणाला की जागा लागली होती. फोनवर निरोप आला होता, आठवड्यात होकार द्या म्हणून. त्याने दिला नाही. का, असं ह्यांनी विचारलं. तेव्हा म्हणाला, आयुष्य गेलं बलदमध्ये उभं राहून, त्या उभं राहण्याचा बंगला झाला, आणि त्यात माझं एक माणूस राहत नाही. गावच्या लोकांनी हसायचं आणि मी ऐकायचं. घराचं दार कुणीतरी उघडायला नको?

मला त्याचं दुःख कळलं. खोटं का बोलू, कळलं. रिकामं घर मलाही टोचतं. पण मग बायकोसमोर बसून सांगायचं होतं ना! ती भांडली असती. जिंकली असती, हे त्याला पक्कं माहीत होतं. म्हणून भावाच्या खांद्यावर बंदूक ठेवली. भाऊ बोलत नाही, बायको भावाशी बोलत नाही, कोण कुणाला विचारणार? आमच्या अदबीचा त्याने आडोसा केला. आमच्या आया-आज्यांनी ज्या रीतीला मान म्हणून जपलं, त्या रीतीच्या मागे हा लपून बसला. आणि मला काय सांगितलं? तिलाच ओढ लागलीय. चोर तो चोर, वर दोन घरांत भांडण लावून शिरजोर.

ह्यांनी एवढंच म्हटलं, "तिकिटं रद्द कर." मग हात धुवायला गेले. कादिर जेवण अर्धवट टाकून निघून गेला.

जुबेदा मात्र रडली नाही. तिने शौकतला विचारलं, आता जागा आहे का? तो म्हणाला, माहीत नाही. ती म्हणाली, रविवारी जाऊन विचारू. भाभी माझ्याबरोबर येतील. तुम्ही गाडी चालवायची.

रविवारी सकाळी गेलो. शौकत आणि अरवा बाहेर गाडीत थांबले, आत पुरुषांना सोडत नाहीत. अरवाने चांगला फ्रॉक घातला होता, कुणी घालायला सांगितला नव्हता. तिला वाटलं होतं, आजच शाळा. मी तिला गाडीतच बस म्हटलं आणि मान वळवली.

आत थंडगार होतं. भिंतीवर मुलांनी रंगवलेली खजुराची झाडं, कुणाचं निळं, कुणाचं जांभळं. प्रवेशाचं काम बघणारी बाई तरुण होती, दुआ नावाची. चेहऱ्याने चांगली वाटली. जुबेदाने अरवाचं नाव सांगितलं. दुआने संगणकात पाहिलं आणि तिच्या आवाजातला गोडवा कमी झाला. ती म्हणाली, ही जागा तर आम्ही दिली होती. होकार आला नाही म्हणून मी स्वतः बापाला फोन केला. दोनदा केला. तो म्हणाला, आईची इच्छा नाही. आईला मुलीला घेऊन गावी जायचंय. मग आम्ही जागा दुसऱ्याला दिली. खलास.

माझी अरबी बाजारातली. तरी तेवढं मला समजलं.

बायकोला सांगताना भाऊ, मला सांगताना बायको, आणि इथे, ज्या दारात ही बाई महिनाभर खेटे घालत होती तिथेसुद्धा, पुन्हा बायकोच. स्वतःचं नाव त्या माणसाने कुठेच लावलं नव्हतं. आणि ही समोरची अनोळखी मुलगी जुबेदाकडे अशी बघत होती, की कसली ही आई, आधी मुलीची जागा सोडते आणि मग मागायला येते. मला तिथेच बोंब मारावीशी वाटली. मी तोंड उघडलं, तर जुबेदाने माझा हात दाबला.

खोलीत सगळ्या बायकाच होत्या. जुबेदाने नकाब वर केला. पुढे वाकून, दुआच्या अगदी समोर चेहरा नेला, आणि तिच्या अबायेवाल्या गिऱ्हाइकांकडून शिकलेल्या अरबीत, सावकाश, एकेक शब्द निवडून बोलली.

"माझा चेहरा नीट बघून ठेव. मी अरवाची आई. मला हवंय. पुढे कधी फोनवर कुणी म्हणालं की आईला नकोय, तर मानू नकोस. मी इथे येऊन, याच तोंडाने नाही म्हणेन, तेव्हाच ते नाही."

दुआ तिच्याकडे बघत राहिली. तिला काय समजायचं ते समजलं असावं, बायकांना समजतं. तिने अरवाचं नाव जागेसाठी थांबलेल्या मुलांच्या यादीत घातलं. एखादं मूल दुसऱ्या गावी गेलं तरच जागा होईल, वर्ष असंही जाऊ शकतं, हे तिने लपवलं नाही. बापाच्या नंबराशिवाय चालत नाही म्हणाली, पण त्याच्या खाली जुबेदाचाही घेतला. आम्हाला दारापर्यंत सोडायला आली. आतल्या वर्गातून मुलं गाणं म्हणत होती, ते बाहेरच्या फाटकापर्यंत ऐकू येत होतं.

गाडीत बसलो. जुबेदा मागे अरवाजवळ, मी पुढे. शौकतने आरशातून मागे पाहिलं आणि मला विचारलं, "काय म्हणाली बाई?" मला विचारलं. मागे बायको बसली असताना, मला.

मी खिडकीबाहेर बघायला लागले.

अरवाने आईचा हात ओढला. इथली पोरं हिंदीतच बोलतात. "अम्मी, मेरा स्कूल कब है?"

जुबेदाने तिच्या फ्रॉकची कॉलर नीट केली. म्हणाली, तुझी एक जागा होती, ती गेली. कशी गेली ते अब्बा सांगतील. ऐकून घे.

अरवा दोन सीटांच्या मधून पुढे आली आणि बापाच्या तोंडाकडे बघत राहिली. शौकतने गाडी सुरू केली, बंद केली. कपाळ पुसलं. मागे एक टॅक्सी हॉर्न वाजवत होती.

"बेटा," तो म्हणाला, "असं झालं, की घरात सगळ्यांचं..."

"सगळ्यांचं नाय," मागून जुबेदा म्हणाली. "'मी'पासून सुरू करा."